सेन्सेईंचा शिक्का

पाकीट रुचाच्या नावाचं होतं. टपालपेटीतून काढून यतीननं ते बाकीच्या कागदांवर ठेवलं, चार पावलं चालला, आणि मग काय झालं कोण जाणे, ते एकटंच उचलून त्यानं कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. एवढंच झालं. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या गल्लीत सोमवारी संध्याकाळी साडेपाचला हे पाहायला कुणी नव्हतं. समोरच्या घरातला गुजराती म्हातारा वाळकी पानं गोळा करत होता, पण त्याची पाठ होती. तरी यतीनचे कान तापले. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, औषध कंपनीत बावीस जणांवरचा प्रोजेक्ट मॅनेजर, आणि स्वतःच्या दारात स्वतःच्या मुलीचं पत्र चोरतोय! अक्षर त्यानं बघताक्षणी ओळखलं होतं. पत्ता इंग्रजीत होता, पण आकडे तेच. साताच्या डोक्याला डावीकडे उतरणारी बारीक रेघ, आणि शून्य वरून पुरतं न मिटवलेलं, जरा उघडंच. वीस वर्षांत हे आकडे त्याच्या नजरेला पडले नव्हते. घरात शिरल्यावर त्यानं कोट काढलाच नाही.

स्वयंपाकघरात सुनेत्रा पोळ्या गरम करत होती आणि रुचा ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून गणितं सोडवत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "बाबा, एनीथिंग फ्रॉम जपान?" गेले तीन आठवडे ती रोज हेच विचारत होती, आणि गेले तीन आठवडे तो खरं तेच सांगत होता. आजही तेच शब्द त्याच सुरात सहज निघाले, "नाही गं." किती सोपं होतं! खोटं बोलायला काही निराळा आवाज लागतो असं त्याला उगाचच वाटत आलं होतं. "कोट काढ की, परत जायचंय का कुठे?" सुनेत्रा म्हणाली. "थंडी वाजतेय जरा," तो म्हणाला. हे दुसरं.

झालं होतं ते असं. उन्हाळ्यात तळघर आवरताना रुचाला त्याची जुनी फाइल सापडली. तिच्यात एक फोटो होता: बारा विद्यार्थी, मधोमध खुर्चीवर कुसुमोतो सेन्सेई, म्हणजे त्याचे प्राध्यापक, आणि मागच्या रांगेत अंगापेक्षा मोठा सूट घातलेला, मिसरूड फुटलेला एकुलता एक हिंदुस्थानी. फोटोमागे सगळ्यांची नावं सेन्सेईंच्या हातची. रुचा दोन वर्षं शनिवारच्या वर्गात जपानी शिकत होती. बोट ठेवून तिनं एकेक नाव लावलं. बापाच्याच विद्यापीठात पुढच्या वर्षापासून वाणिज्य शाखेची पदवी इंग्रजीतून देणार आहेत हे तिला इंटरनेटवर कळलं, आणि बाईसाहेबांनी ठरवूनच टाकलं. इथली मुलं कुठे कुठे अर्ज करतात, आणि हिला जायचंय कोबेला, बी.कॉम. करायला! अर्जाबरोबर जपानात राहणारा एक जामीनदार लागतो; परदेशी पोरानं उद्या काही घोळ घातला तर 'याच्यासाठी मी उभा आहे' असं लिहून देणारा. रुचानं बापाला न विचारता सेन्सेईंना पत्र लिहिलं, तेही अर्धं जपानीत, आणि पोस्टात टाकून आल्यावर सांगितलं. "इट्स अ सरप्राइज!" यतीन हसला होता. दुसरं काही सुचलंच नाही. "अगं, ते सत्तरीच्या पुढे असतील आता," एवढंच तो म्हणाला. मनात त्यानं काय चिंतलं ते मात्र सांगायचीही लाज: पत्र पोचूच नये, किंवा पोचलं तर उघडणारं कुणी उरलेलं नसावं.

आणि हे जपानचं खूळ तिच्या डोक्यात भरलं कुणी? यानंच. मंडळाच्या पोरांमध्ये यतीन 'जपानी काका' म्हणूनच प्रसिद्ध. गणपतीत दर वर्षी नाटुकली आणि भावगीतं यांच्यामध्ये त्याची वीस मिनिटं ठरलेली. गाड्या कशा सेकंदावर सुटतात, हरवलेली छत्री कशी चार दिवसांनी त्याच खुंटीवर सापडली, आणि शेवटी हमखास टाळ्यांचं वाक्य, "तिकडे शब्द म्हणजे शब्द. दिला की दिला!" रविवारच्या मराठी शाळेतही तेच. सुमेधा, ती शाळा चालवणारी, म्हणायची, "यतीन, तुमचं ते कमिटमेंटवालं सांगा ना, पोरं ऐकतात." आणि तो सांगायचा! पहिल्या एक-दोन वर्षी सांगताना आत काहीतरी टोचायचं. मग टोचणं बंद झालं. पुढे पुढे तर त्याला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपण त्या गोष्टीतल्या शब्द पाळणाऱ्या माणसांपैकीच एक आहोत. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली सहा वर्षांची रुचा तोंड उघडं टाकून ऐकत असायची, आणि घरी आल्यावर प्रॉमिस मागताना म्हणायची, "जपानी प्रॉमिस कर."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, पाकीट फोडलं. फोडलं म्हणजे गोंद ओला करून कड उचकटली, पुन्हा चिकटवता यावी म्हणून. इतकी अक्कल होती. आत एक पानाचं इंग्रजी पत्र, रुचाच्या पत्राची सुधारलेली प्रत आणि एक छापील अर्ज. पत्रात लिहिलं होतं, 'रुचा-सान, तुमचं जपानी फार चांगलं आहे, फक्त तीन ठिकाणी सुधारलं आहे, पत्राची प्रत जोडतो. तुमचे वडील माझ्या झेमीत, माझ्या छोट्या वर्गात, होते. त्यांच्याविषयी तुम्ही पुष्कळ विचारलं आहे. ते त्यांनाच विचारा, ते सांगतील. तुमचा जामीनदार राहायला मला आनंद वाटेल. अर्ज पंधरा नोव्हेंबरच्या आत कचेरीत पोचला पाहिजे.' अर्जाच्या खालच्या अंगाला दोन चौकटी होत्या. उजवीकडची जामीनदाराची, भरलेली. नावापुढे तो वाटाण्याएवढा गोल लाल शिक्का, एका बाजूला किंचित फिकट. डावीकडची पालकाची, कोरी. म्हणजे त्या शिक्क्याच्या शेजारी, चार बोटांवर, यतीननं सही करायची! त्यानं अर्ज घाईनं घडी करून पाकिटात घातला, जणू कागदच त्याच्याकडे बघत होता. मग पाकीट गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली ठेवलं.

शिक्का तोच होता. एक्क्याऐंशी साली, अठराव्या वर्षी, त्याच्यासाठीही तो तसाच उठला होता. तेव्हा पुण्यात सगळ्यांनी त्याची टिंगल केली होती. इंजिनीअरिंगला चार मार्क कमी पडले, आणि संध्याकाळच्या जपानीच्या वर्गातून शिष्यवृत्ती मिळाली ती वाणिज्य शाखेची. श्रीरंगमामा तर पोट धरून हसला, "बी.कॉम. करायला जपानला? अरे, मग बीएमसीसी काय वाईट होतं? सायकलवर जाता आलं असतं!" भाषेचं एक वर्ष आणि शाखेची चार. पहिल्या महिन्यातच कळलं की जामीनदाराशिवाय खोलीसुद्धा मिळत नाही, आणि ज्याला तो चार दिवसांपूर्वी प्रथम भेटला होता त्या माणसानं खिशातून चामड्याची छोटी डबी काढली, शिक्क्यावर 'हा' करून वाफ सोडली आणि कागदावर दाबला. काही विचारलं नाही, बजावलं नाही. यतीनच्या वडिलांनी शेजारच्या राजाराम वाण्याला साध्या सायकलीच्या कर्जासाठी जामीन राहायला आठ दिवस टोलवलं होतं, ते त्याला आठवलं. तो वाकून वाकून आभार मानत राहिला, तर सेन्सेई म्हणाले, "पुरे. गुरुवारी ये म्हणजे झालं."

गुरुवारी झेमी असे. वाणिज्य शाखेत जमाखर्च, बाजारपेठ, मालाची वाहतूक हे सगळं मोठ्या वर्गांत शिकायचं, आणि तिथे मागच्या बाकांवर निम्मी पोरं झोपा काढायची. पण शेवटची दोन वर्षं एका प्राध्यापकाच्या हाताखाली बारा जणांनी एका टेबलाभोवती बसायचं, ती झेमी. खरं शिक्षण तेवढंच. यतीनला मात्र सेन्सेईंनी पहिल्यापासूनच कोपऱ्यात बसून ऐकू दिलं. तिथं उशिरा आलेल्यानं दाराशी उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, उशिराचं कारण सांगायचं, आणि सेन्सेई 'बस' म्हणेपर्यंत उभंच राहायचं. ते ओरडत नसत. कारण खरं असलं की 'बस' लगेच यायचं. खोटं असलं की चर्चा पुढे चालू व्हायची आणि ते पोरगं तसंच उभं. इमाई म्हणून एक जण एकदा सव्वा तास उभा होता, शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "झोपून राहिलो होतो," आणि लगेच आलं, "बस." यतीन लिहील तो प्रत्येक कागद सेन्सेई लाल पेन्सिलीनं तपासायचे, अगदी घरमालकाला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा. "अक्षरापेक्षा कुणाला काय म्हणायचं ते चुकलेलं वाईट," असं म्हणायचे. त्या लाल रेघांची त्याला इतकी सवय झाली की त्यांच्याशिवाय एक ओळ धड लिहिता येईल असं त्याला वाटेनासं झालं.

चौथ्या वर्षी सेन्सेईंनी त्याला ओसाकाच्या एका जुन्या कापड-व्यापारी कंपनीत लावून दिलं. लावून दिलं म्हणजे चिठ्ठी नाही, परीक्षा नाही. सेन्सेई स्वतः गेले आणि 'हा मुलगा घ्या' म्हणाले. तिथं कंपन्या अशाच पोरं घेतात, प्राध्यापकाच्या शब्दावर. त्या कंपनीनं शंभर वर्षांत परदेशी माणूस घेतला नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला समारंभ झाला. चाळीस मुलं, चाळीस काळे सूट. प्रत्येकानं पुढच्या एप्रिलला रुजू होईन असं लिहून दिलं, अध्यक्षांसमोर वाकून. यतीनही वाकला, नीट, शिकवल्यासारखा, कंबरेतून. परतताना गाडीत सेन्सेई कधी नव्हे ते मोकळे बोलले. पुढच्या वर्षासाठी त्यांनी तोमोकोचं नाव काढलं होतं. तोमोको झेमीत एक वर्ष मागे होती, बारा जणांत एकटी मुलगी, तोफू करून विकणाऱ्याची लेक. तेव्हा नवा कायदा यायचा होता, कंपन्यांनी बायकांना चहा देण्यापलीकडची कामं द्यावीत म्हणून. कंपनी म्हणाली होती, तुमचा हिंदुस्थानी कसा निघतो ते बघू, तो टिकला तर पुढच्या साली मुलगीही घेऊ. "दार तू उघडायचंस," सेन्सेई म्हणाले. यतीन म्हणाला, "हो." काय सहज म्हणाला! त्या आठवड्यात तोमोकोनं त्याच्या टेबलावर कागदात गुंडाळलेलं गरम तोफू आणून ठेवलं होतं, बापानं केलेलं. तिनं नुसती मान लववली आणि गेली.

जानेवारीत अमेरिकेतलं पत्र आलं. गंमत म्हणून अर्ज केला होता, कुणाला न सांगता. पूर्ण फेलोशिप. पुण्याला फोन केला तर वडील आनंदानं रडले. "कापड काय विकतोस आयुष्यभर जपान्यांचं! सांगून टाक त्यांना." सांगून टाक. बरोबरच होतं. गुन्हा नव्हता तो, लोक नाही म्हणतात. या गुरुवारी सांगू, असं त्यानं ठरवलं. त्या गुरुवारी सेन्सेईंना सर्दी झाली होती. पुढच्या गुरुवारी इमाईचा प्रबंध होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी झेमी संपल्यावर सेन्सेई टेबल आवरत थांबले, सगळे गेले तरी थांबले, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "काही अडचण आहे का?" त्यांना कळलं होतं! आज बसून विचार केला तर हे स्पष्ट दिसतं. त्यांनी दार उघडून धरलं होतं, फक्त आत पाऊल टाकायचं होतं. आणि हा गाढव म्हणाला, "नाही, काही नाही." सेन्सेईंनी मान डोलावली आणि दिवा मालवला. रात्री पत्र लिहून सांगावं म्हणून तो बसला, तर तीन मसुदे झाले आणि तिन्ही फाडले. क्षमा मागायची ती बिनचूक मागायला हवी, आणि बिनचूक लिहायला तर लाल पेन्सिल हवी. माफीचं पत्र ज्याला लिहायचं त्याच्याचकडून तपासून कसं घ्यायचं? हे कारण तेव्हा त्याला खरं वाटलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी, परीक्षा संपल्याच्या तिसऱ्या दिवशी, एक बॅग घेऊन तो विमानात बसला. खोलीच्या किल्ल्या पाकिटात घालून दाराच्या फटीतून आत टाकल्या. जामीनदार होतेच की.

इमाईचं कार्ड मे महिन्यात आलं, सुरेख हस्ताक्षरात, एकही वावगा शब्द न वापरता. एक एप्रिलला रुजू होणाऱ्यांच्या समारंभात एक खुर्ची रिकामी राहिली, म्हणून सेन्सेई दुसऱ्या दिवशी ओसाकाला गेले. माणसं नेमणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, जो त्यांचाच जुना विद्यार्थी होता, ते डोकं खाली घालून उभे राहिले. किती वेळ, ते इमाईनं लिहिलं नव्हतं. यंदा झेमीतून कुणाला बोलावणार नाही, असं कंपनीनं कळवलं. तोमोकोनं पदवीनंतर गावाकडे शेतकी सोसायटीच्या दुकानात नोकरी धरायचं ठरवलं. 'अमेरिकेत प्रकृतीची काळजी घे.' त्याच सुमाराला पुण्याच्या पत्त्यावर त्याची पदवी आली, नळीत घालून, सेन्सेईंनी स्वतः पाठवलेली, आणि नळीत दुसरा कागद नव्हता. वडिलांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली. आता ती इथं, पिस्कॅटवेत, जिन्यात लटकते आहे. पाहुणे थांबून बघतात, "काय सुंदर लिपी आहे हो!" म्हणतात.

दिवस जात होते. बुधवार, गुरुवार, शनिवार. गाडीच्या कप्प्यात पाकीट होतं आणि तो त्याच गाडीतून रुचाला शनिवारी जपानीच्या वर्गाला सोडत होता, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर तिचं पत्र. "टिश्यू आहेत का?" म्हणून तिनं कप्प्याकडे हात नेला तेव्हा तो इतक्या जोरात "नाहीत!" म्हणाला की ती दचकली. सही करायची आणि आजच आलं म्हणून द्यायचं, इतकं सोपं होतं. पण तारखेचा शिक्का होता पाकिटावर, आणि त्या पत्रात ते वाक्य होतं, ते त्यांनाच विचारा, ते सांगतील. मग पंधरा तारीख नुसती जाऊ द्यावी. पोरगी इथेच शिकेल, रटगर्सला जाईल, घरापासून दहा मिनिटं. सुनेत्राला तर तेच हवं आहे. कुणाचं काय बिघडतं? हा हिशोब त्यानं सोमवारी अंघोळ करताना पुरा केला, आणि मग त्याला उमगलं की असाच, अगदी याच शब्दांनी, तो पूर्वीही एकदा बोलला होता. कुणाचं काय बिघडतं! शॉवरखाली त्यानं डोळे मिटून घेतले. तोमोको आता कशी दिसत असेल, याचा वीस वर्षांत त्यानं एकदाही विचार केला नव्हता. बेचाळीसची असेल.

बुधवारी संध्याकाळी तो आला तेव्हा रुचा गणितं सोडवत नव्हती. दुसऱ्या कॉलेजांचे अर्ज समोर पसरून बसली होती, आणि तिनं आज विचारलंही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सुनेत्राच म्हणाली, "काय गं, त्या सरांचं काही आलं नाही का अजून?" रुचानं खांदे उडवले. "ही इज नॉट गोइंग टु रिप्लाय, आई. मी इतकं नीट लिहिलं होतं. एक ओळ लिहायला काय जातं? इट्स जस्ट रूड." मग बापाकडे बघून, जराशी हसत, "तू म्हणायचास ना, जपानी माणूस उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. शब्द म्हणजे शब्द. सो मच फॉर दॅट!" सुनेत्रा म्हणाली, "जाऊ दे, म्हातारा झाला असेल, विसरला असेल. माणसं काय, तोंडावर गोड असतात."

यतीन उभा होता. हातात बॅग, पायात बूट. वीस वर्षांपूर्वी तो माणूस याच्यापायी मान खाली घालून उभा राहिला, आणि आज इथं, याच्याच घरात, याच्याच पोरीकडून उद्धट ठरत होता, आणि याला फक्त गप्प राहायचं होतं. ते याला जमतं! गप्प राहण्यात याचा हात धरणारं कुणी नाही! त्याला स्वतःची किळस आली. तो तसाच वळला, गाडीपाशी गेला, आणि परत येऊन त्यानं पाकीट रुचापुढे ठेवलं. "हे तुझं. मागच्या सोमवारी आलंय. मी लपवलं."

रुचानं आधी तारीख बघितली, मग उचकटलेली कड. "यू ओपन्ड माय मेल?" तिचा आवाज चढला नाही, बारीक झाला. सुनेत्रानं गॅस बंद केला. मग त्यानं सांगितलं, उभ्या उभ्या, काही न गाळता: ऑक्टोबरचा समारंभ, गुरुवार, किल्ल्या, इमाईचं कार्ड, तोमोको. मराठीतच सांगितलं. इंग्रजीत ते चांगलं दिसलं असतं, करिअर डिसिजन वगैरे. मध्ये सुनेत्रा एकदाच म्हणाली, "अठरा वर्षं झाली आपल्या लग्नाला, यतीन. मला नाही सांगावंसं वाटलं?" रुचानं पत्र दोनदा वाचलं, अर्ज उलगडला, लाल शिक्क्यावरून बोट फिरवलं. "तू इतकं केल्यावरही यांनी," ती म्हणाली, आणि थांबली. मग, "डिड यू एव्हर से सॉरी?" "नाही." "टु हर?" "नाही." मग घड्याळाकडे बघून तिनं पत्राच्या डोक्यावरचा नंबर फिरवायला घेतला. इथं संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. तिकडे गुरुवारची सकाळ होती.

"मोशी मोशी," ती म्हणाली, आणि स्टुलावरून उतरून ताठ उभी राहिली. तिचं जपानी सावकाश, एकेक शब्द पायरीवर ठेवल्यासारखं. आपलं नाव सांगितलं, पत्र मिळालं म्हणून सांगितलं, आणि मग म्हणाली, "उत्तराला फार उशीर झाला. चूक माझी आहे. क्षमा करा." आणि ती वाकली. ओट्यापाशी, कॉर्डलेस कानाला लावून, समोर कुणी नसताना, कंबरेतून, नीट, लहानपणी दिवाणखान्यात यतीननंच शिकवलं होतं तसं. बापाचं नाव तिनं घेतलं नाही. यतीन त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिला. त्याच्यासाठी असं वाकलेलं कुणी त्यानं याआधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ओसाकाला ते झालं तेव्हा तो इथं वसतिगृहात नवी गादी विकत घेत होता. "दे," तो म्हणाला. रुचानं मान हलवली. "दे इकडे, रुचा. हे उत्तर तू द्यायचं नाहीस."

फोन हातात घेतल्यावर तो नकळत दोन पावलं मागे सरकला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. त्यानं आपलं नाव सांगितलं, झेमीचं वर्ष सांगितलं, आणि म्हणाला, "उशीर झाला." पलीकडे कपबशीचा आवाज आला आणि थांबला. त्यानं कारण सांगायला सुरुवात केली. भाषा गंजली होती, आदराची रूपं जागच्या जागी बसत नव्हती, मध्येच इंग्रजी येत होतं. अमेरिकेतल्या पत्रापासून सांगितलं. तीन मसुद्यांचं सांगितलं, आणि लाल पेन्सिलीचं कारण खोटं होतं, भीती वाटली होती, हेही सांगितलं. आताचं पत्र नऊ दिवस लपवलं होतं, उशीर मुलीचा नव्हे, माझा, तेही सांगितलं. बोलून संपलं तरी सेन्सेई गप्प होते. तो तसाच उभा राहिला. सव्वा तास लागला तरी चालेल, असं त्याला वाटलं, आणि पहिल्यांदाच ते खरं वाटलं.

"माझं काय, मी म्हातारा झालो, मला वाकायची सवय आहे," सेन्सेई अखेर म्हणाले. आवाज पुष्कळ बारीक झाला होता. "हे सगळं तू चुकीच्या माणसाला सांगतोयस. तोमोकोचा पत्ता माझ्याकडे आहे. तिचं ते दुकान अजून आहे. पेन आहे का?" "आहे," यतीन म्हणाला. नव्हतं. रुचानं आपलं पेन त्याच्या हातात दिलं, त्याच्याकडे न बघता.

"मग बस," सेन्सेई म्हणाले. "लिहून घे."

तो बसला. पाकिटाच्या पाठीवर लिहायला लागला, तर गावाच्या नावाचं दुसरंच अक्षर त्याला आठवेना, पेन कागदावर टेकून राहिलं. पलीकडून सेन्सेई त्याला एकेक रेघ सांगत गेले, आधी आडवी, मग उभी, आणि तो तशी काढत गेला. शेजारी अर्जावरची पालकाची चौकट अजून कोरी होती. रुचानं अर्ज त्याच्या कोपरापासून जरा बाजूला सरकवून ठेवला, आणि म्हणाली, "हे आधी पूर्ण कर."